उसनी जर्सी

2022 च्या नोव्हेंबरात, कतारमधला फुटबॉल विश्वचषक तोंडावर आला असताना, दोहातल्या कॉर्निश या समुद्रकाठच्या रस्त्यावरच्या मिरवणुकांचे व्हिडिओ जगभर फिरले. ढोल वाजतायत, झेंडे नाचतायत, अर्जेंटिना, ब्राझील, इंग्लंड असे एकेका संघाचे जथे चाललेत. प्रत्येक जथ्यातली माणसं मात्र एकाच वळणाची होती. सावळी, मिशाळ, एका हातात मोबाइल उंच धरून दुसऱ्या हातानं नाचणारी. युरोपातल्या बऱ्याच लोकांनी लगेच निकाल देऊन टाकला की हे खोटे चाहते आहेत, कतारनं पैसे देऊन रस्त्यावर उतरवलेले मजूर आहेत. इंग्लंडचा शर्ट घातलेला माणूस इंग्लंडचा दिसत नाही, एवढ्या पुराव्यावर.

कोल्हापुरात बसून हे वाचताना मला आधी हसू आलं आणि मग राग आला. त्या गर्दीतले बहुतेक जण मल्याळी होते, हे आपल्याकडच्या कुणालाही पाहताक्षणी कळलं असतं. त्याच सुमारास कोझिकोडजवळच्या पुल्लावूर गावात पोरांनी नदीत मेस्सीचा तीस फुटी कटआउट उभा केला होता. ते पाहून ब्राझीलवाल्यांनी शेजारी नेमारचा चाळीस फुटी उभा केला, मग रोनाल्डोही आला. त्याचे फोटो खुद्द फिफानं जगाला दाखवले. या लोकांना फुटबॉलसाठी नाचायला पैसे द्यावे लागतात, असं म्हणणारा माणूस केरळ सोडाच, शिवाजी पेठेतही कधी आलेला नाही.

आमच्या गावाचं थोडं सांगायला हवं. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर पेठेची इज्जत पणाला लागलेली असते, आणि सामना संपला तरी भांडण संपत नाही. पण दर चार वर्षांनी हीच पेठ आपसात फुटते. एका गल्लीत आकाशी-पांढऱ्या पताका, पुढच्या गल्लीत पिवळ्या, मध्येच एखाद्या हट्टी जर्मनीवाल्याचं घर. मेक्सिकोतला 1986 चा विश्वचषक दूरदर्शनवर पाहिलेली पिढी मॅराडोनाच्या पायी अर्जेंटिनाची झाली आणि तो वारसा मुलांना देऊन बसली. उलट आमच्या तालमींच्या संघांतून नायजेरियाची पोरं खेळून गेलीत. त्यांनी गोल मारला की ज्या आज्या 'आमचा पोरगा' म्हणून टाळ्या वाजवतात, त्यांना खरा आणि खोटा चाहता यातला फरक विचारून बघावा.

फिफाचे अध्यक्ष इन्फांतिनो यांनी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पत्रकारांना ठणकावलं की भारतीय दिसणारा माणूस इंग्लंडला पाठिंबा देऊ शकत नाही असं म्हणणं हा निव्वळ वंशवाद आहे. मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. पण त्याच भाषणात, आज मला कतारी असल्यासारखं वाटतंय, आज मला स्थलांतरित मजूर असल्यासारखं वाटतंय, असंही ते बोलून गेले. त्यामुळे त्यांची साक्ष आपल्या बाजूनं असली तरी ती न काढलेली बरी.

मी दोहात पोहोचलो ते साखळी सामने संपत आले तेव्हा. माझा मावसभाऊ तिथं वातानुकूलन यंत्रणेच्या देखभालीचं काम करणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर आहे, नज्मा भागात राहतो. विश्वचषकाच्या काळात व्हिसाऐवजी 'हय्या कार्ड' चालायचं, आणि तिथं राहणाऱ्यांना आपल्या पाहुण्यांची नोंद करून त्यांना घरी ठेवता यायचं. ही सोय नसती तर माझ्यासारख्याचं जाणं कठीणच होतं. वाळवंटात कंटेनरच्या खोल्यांची गावं वसवली होती, त्यातही रात्रीचे दोनशे डॉलर मोजावे लागत. ज्यांच्याकडे त्याहून जास्त होते ते बंदरात नांगरलेल्या आलिशान क्रूझ बोटींवर झोपत. आम्ही दोन खोल्यांत सहा जण झोपत होतो. त्यातला एक रत्नागिरीजवळचा, एक मडगावचा आणि दोघं मलप्पुरमचे. स्वयंपाक मलप्पुरमवाले करायचे, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

कतारची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या आसपास. त्यात मूळ कतारी दहांत एक. परदेशी समाजांत सगळ्यांत मोठा भारतीयांचा. हे आकडे माहीत असणं वेगळं आणि तिथं रस्त्यावर उतरणं वेगळं. टॅक्सीवाला पेशावरचा, किराणा दुकानदार कासरगोडचा, मेट्रोच्या दारातली रखवालदार युगांडाची, स्टेडियममध्ये बॅग तपासणारा नेपाळच्या झाप्याचा. पहिले काही दिवस एकाही कतारी माणसाशी बोलण्याची वेळ आली नाही. यजमान म्हणून जे कोणी दारात उभे होते ते सगळे माझ्यासारखेच बाहेरून आलेले, आणि हिंदीत 'कहाँ से, भाई?' विचारणारे. जगभरच्या पाहुण्यांना दोहात 'अरबी आतिथ्य' मिळालं असं पुढे खूप छापून आलं. मला मिळालं ते बरंचसं झाप्याचं आणि कासरगोडचं होतं.

एवढ्या छोट्या जागेत एवढी मोठी स्पर्धा आधी कधी झाली नव्हती. आठ स्टेडियम, आणि त्यातली सगळ्यांत लांबची दोन एकमेकांपासून 75 किलोमीटरवर. साखळीत बहुतेक दिवशी चार सामने, त्यामुळे दुपारी एक आणि रात्री एक असे दोन पाहणारे महाभाग होते. सगळ्यांचा भार तीन मार्गांच्या मेट्रोवर. ती पहाटे तीनपर्यंत धावायची आणि हय्या कार्डवाल्यांना फुकट. मात्र मेट्रोत शिरायचं कसं, हे आयोजकांनी फार बारकाईनं ठरवलेलं होतं. सामना सुटला की स्टेशन समोर दिसायचं, पण थेट जाता यायचं नाही. लोखंडी कठडे लावून केलेल्या नागमोडी वाटेनं अर्धा-पाऊण तास फिरवून मग आत सोडत. अंबाबाईच्या नवरात्रातल्या दर्शनबारीत वाढलेल्या माणसाला याचं काही वाटलं नाही. माझ्या पुढचे वेल्सचे दोन म्हातारे मात्र पार हतबल झाले होते.

त्या वाटेवर ठिकठिकाणी उंच खुर्च्यांवर पोरं बसलेली असत, हातात फोमचा मोठा पंजा आणि कर्णा. सूक वाकिफ या जुन्या बाजाराच्या स्टेशनाबाहेरच्या एका केनियन तरुणानं 'मेट्रो, धिस वे' हे तीन शब्द असे काही तालात म्हणायला सुरुवात केली की पर्यटकांनी त्याचं गाणंच करून टाकलं. काही दिवसांत तो जगभर पोहोचला आणि त्याला सन्मानानं स्टेडियममध्येही नेलं. नंतर दोहातल्या प्रत्येक खुर्चीवरचा पोरगा तेच गाऊ लागला, कारण लोक मागणी करायचे. मी एकाला विचारलं, कंटाळा येत नाही? तो म्हणाला, दहा तास गप्प बसण्याचा जास्त येतो.

तिकिटांचा एक तपशील बाहेर फारसा माहीत नाही. परदेशी प्रेक्षकाला साखळी सामन्याचं सगळ्यांत स्वस्त तिकीट 250 रियालना होतं. कतारमध्ये राहणाऱ्यांसाठी एक वेगळी, चौथी श्रेणी ठेवली होती. तिचा दर 40 रियाल, म्हणजे त्या वेळचे नऊशे रुपये. तिथल्या किमान वेतनाच्या कायद्यानं मजुराला महिना 1,000 रियाल मिळतात, राहणं-खाणं वेगळं. त्यातून 40 काढणं सोपं नाही, पण अशक्यही नाही. आमच्या खोलीतल्या मलप्पुरमवाल्यांनी ती तिकिटं महिनोन्‌महिने वेबसाइटवर तासन्‌तास बसून मिळवली होती. अर्जेंटिना-पोलंड सामन्याला मी त्यांच्याबरोबर गेलो. माझं तिकीट अर्थातच महागातलं, पण बाहेरपर्यंतचा रस्ता एकच.

तो सामना '974' नावाच्या स्टेडियममध्ये होता. कतारचा दूरध्वनी संकेतांक 974, आणि बांधकामात वापरलेले जहाजी कंटेनरही 974. आठांपैकी यंत्रानं गार न केलेलं हे एकटंच, कारण ते समुद्रालगत आहे आणि खारा वारा थेट आत येतो. बाकीच्या ठिकाणी खुर्च्यांखालून गार हवा सोडत, आणि रात्री लोक वाळवंटात जाकीट घालून बसत. (हा सगळा खर्च कशासाठी, हे स्पर्धा उन्हाळ्यातून हिवाळ्यात ढकलल्यानंतर कुणीच नीट सांगितलं नाही. माझ्या भावाचं पोट त्याच धंद्यावर असल्यामुळे मी विषय वाढवला नाही.) कंटेनरच्या त्या रंगीत भिंती पाहून मडगावच्या पोराचे डोळे लकाकले. त्याचा बाप मुरगाव बंदरात होता. 'आमच्याकडे हे धक्क्यावर गंजत पडतात,' तो म्हणाला.

पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला 2-1 असं हरवलेलं होतं. सौदीत दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर झाली, आणि दोहात जमलेले सौदी भेटेल त्या आकाशी शर्टाला 'मेस्सी कुठाय?' विचारत फिरले. मलप्पुरमच्या धाकट्यालाही मॉलमध्ये एका सौदी पोरानं गाठून तेच विचारलं होतं. हे सांगताना त्याचा आवाज अजून चिडलेला होता. त्याच्या देशाचा अपमान झाला होता, आणि तो देश ब्युनोस आयर्सला होता. मेक्सिकोला हरवून जरा जीव भांड्यात पडला होता, पण पोलंडविरुद्ध चुकलं असतं तर परत धाकधूक.

एकोणचाळिसाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी पोलंडचा गोलरक्षक श्चेन्स्नीनं अडवली. आमच्या रांगेत मिनिटभर कुणी कुणाकडे बघेना. मध्यंतरानंतर पहिल्याच मिनिटाला मॅकअ‍ॅलिस्टरचा गोल झाला तेव्हा पायाखालचं लोखंड थडथडायला लागलं. उड्या मारल्या की त्या स्टेडियमचा आवाज वेगळाच यायचा. माझ्या शेजारी अर्जेंटिनातल्या रोसारियोहून आलेलं एक कुटुंब होतं. आजोबा, मुलगा, नात. मी कुठला, हे त्यांनी विचारलं. भारत म्हटल्यावर आजोबांनी माझ्या जर्सीवरच्या दहा आकड्यावर बोट ठेवून भुवया उंचावल्या. प्रश्न स्पष्ट होता. मी 'मॅराडोना, 1986' एवढंच म्हणालो. आजोबांनी दोन्ही हातांनी माझं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला. नंतर कळलं की नातीनं ते फोनवर टिपून घेतलंय, त्यामुळे रोसारियोत कुठेतरी एक गोंधळलेला कोल्हापूरकर जमा आहे.

त्या खोट्या चाहत्यांचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण त्याचा दुसरा अर्धा भाग फारसा चर्चेत आला नाही. या स्पर्धेत आयोजकांच्या पैशावर आलेले चाहते होते. कतारनं सहभागी देशांतल्या निवडक समर्थकांना विमानप्रवास, राहणं आणि उद्घाटनाची तिकिटं देऊन बोलावलं होतं. त्यांनी चांगलं लिहावं-बोलावं, अशी त्यामागची अपेक्षा. युरोपातल्या माध्यमांनीच ते बाहेर काढलं, आणि त्यांना कबूल केलेला रोजचा भत्ता ऐनवेळी रद्द झाला. म्हणजे फुकटात आलेल्यांत डच होते, इंग्रज होते, वेल्श होते. दुसरी गंमत खुद्द कतारच्या सामन्यांतली. गोलामागे तांबड्या टीशर्टात एक मोठा जथा सतत उभा राहून अरबी घोषणा द्यायचा, हातांवर गोंदण, ताल एकदम पक्का. ते लेबनॉन आणि इतर अरब देशांतून आणलेले तरुण होते, हे अमेरिकन वर्तमानपत्रानं छापलं. घरचा प्रेक्षक उद्घाटनाच्या रात्री मध्यंतरानंतर उठून जात होता, आणि ओरडण्याचं काम या मागवलेल्या माणसांवर होतं. कतार तिन्ही सामने हरलं. आमच्या भावाचं मत असं की त्या लेबनीज पोरांनी शेवटपर्यंत मनापासून ओरडून पैसे हलाल केले. त्यातल्या काहींना तिसऱ्या सामन्यापर्यंत खरंच वाईट वाटत असणार, याबद्दल मला शंका नाही. माणूस एखाद्या रंगासाठी तीनदा ओरडला की तो त्याचा होतो.

मोरोक्कोनं तर ही सगळी वजाबाकी उलटी करून दाखवली. त्यांच्या 26 खेळाडूंपैकी 14 जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले. हकीमी माद्रिदचा, झियेश आणि आम्राबात नेदरलँड्सचे, गोलरक्षक बूनू मॉन्ट्रियलचा, प्रशिक्षक रेग्रागी फ्रान्सचे. यांच्या आईबापांनी युरोपात घरं झाडली, बाजारात माल विकला. हकीमीची आई माद्रिदमध्ये घरकाम करायची. जन्म दिलेल्या देशाकडून खेळायची संधी असताना यांनी आईबापांचा देश निवडला. स्पेनला त्यांनी पेनल्टींवर घालवलं त्या रात्री आम्ही सूक वाकिफमध्ये होतो. बाजाराच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. सुदानी, ट्युनिशियन, इराकी, पॅलेस्टिनी, ज्याच्या खांद्यावर जो झेंडा होता तो घेऊन सगळे मोरोक्कन झाले होते. एका गल्लीच्या तोंडाशी कडक चहा विकणारा मल्याळी माणूस हातातली किटली न सोडता त्याच ठेक्यावर डोलत होता. त्या एका रात्रीत त्याचा धंदा आठवड्याचा झाला, असं तो म्हणाला. पण डोलणं धंद्यासाठी नव्हतं.

उपांत्यपूर्व सामना, पोर्तुगालविरुद्ध, 10 डिसेंबरला अल थुमामात झाला. अरब पुरुष डोक्यावरच्या रुमालाखाली जी विणलेली टोपी घालतात तिच्या आकाराचं हे पांढरं स्टेडियम. मडगावचा पोरगा पोर्तुगालची जर्सी घालून आला होता. त्याच्या आजीकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, रोनाल्डोचा फोटो खोलीत उशाशी आहे, आणि आमच्या रांगेत तो एकटाच लाल-हिरव्या शत्रूचा. पोर्तुगालच्या पायात चेंडू गेला की सगळं स्टेडियम शिट्ट्या वाजवायचं. कानाचे पडदे फाटतील असा कर्कश, सलग आवाज. चेंडू मोरोक्कोकडे आला की 'सीर! सीर!' म्हणजे चल, चल. बेचाळिसाव्या मिनिटाला अन-नसीरीनं गोलरक्षकाच्याही वर उडी घेऊन डोक्यानं गोल मारला. रोनाल्डो दुसऱ्या सत्रात उतरला, काही जमलं नाही, शेवटी रडत एकटाच बोगद्यातून आत गेला. आफ्रिकेतला संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला होता. आमचा गोंयकार खुर्चीत मान घालून बसलेला. मागच्या रांगेतल्या एका मोरोक्कन बाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, पिशवीतून खजूर काढून त्याला दिले, आणि मग परत उभी राहून नाचू लागली. तो खजूर खात खात मला म्हणाला, 'आता फ्रान्सबरोबर तरी मी ह्यांचाच.'

या सगळ्या रोषणाईमागची बाजू मला माहीत नव्हती असं नाही. 2010 च्या डिसेंबरात कतारला यजमानपद मिळालं, त्यानंतरच्या दहा वर्षांत भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंकेचे मिळून 6,500 हून जास्त कामगार कतारमध्ये मरण पावल्याची बातमी 'गार्डियन'नं 2021 मध्ये दिली. तो आकडा सगळ्या प्रकारच्या मृत्यूंचा होता, फक्त स्टेडियमवरचा नव्हे. आयोजक स्टेडियमच्या कामावरचे अपघाती मृत्यू तीन सांगत होते. स्पर्धा चालू असतानाच आयोजन समितीचे प्रमुख हसन अल थावादी एका मुलाखतीत विश्वचषकाशी जोडलेल्या कामांवर चारशे ते पाचशे मृत्यूंचा अंदाज बोलून गेले. तीन आणि पाचशे यांच्या मधे जे अंतर आहे, त्यात कुणाकुणाची घरं आहेत. कफाला पद्धत, म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची नाही, ही 2020 मध्ये कायद्यानं मोडली. कागदावर मोडलेली गोष्ट फोरमनच्या डोक्यात मोडायला वेळ लागतो, हे सांगायला आमच्या खोलीतले सगळेच तयार होते. फक्त सामन्याच्या वेळी नको म्हणायचे.

अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामन्याची तिकिटं आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती. लुसैलच्या स्टेडियमात 88,966 माणसं होती. आम्ही उलट दिशेला, शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथं इंडस्ट्रियल एरिया आहे, कामगारांच्या वसाहती आहेत, आणि मेट्रो तिथवर जात नाही. बाजूलाच एशियन टाउन, त्यात एक क्रिकेटचं स्टेडियम. विश्वचषकात तिथं मोठे पडदे लावून कामगारांसाठी प्रवेश मोफत ठेवला होता. 18 डिसेंबर हा कतारचा राष्ट्रीय दिन. तोच दिवस संयुक्त राष्ट्रांनी स्थलांतरितांचा दिवस म्हणूनही ठरवलेला आहे. हे मला आधी ठाऊक होतं, तिथल्या कुणालाही नव्हतं आणि सांगून काही उपयोगही नव्हता.

हिरवळीवर बसलेले हजारो पुरुष. बायका जवळपास नाहीतच. कामाचे निळे डगले तसेच घालून आलेले काही, आणि अर्ध्याहून अधिक अंगांवर आकाशी-पांढरे पट्टे. माझ्या डावीकडे कुमिल्ल्याचा एक बांगलादेशी गवंडी होता. त्याची जर्सी अस्सल नव्हती, मेस्सीच्या नावात एक एस कमी होता. मेस्सीची पेनल्टी, मग दी मारियाचा गोल. 2-0 झाल्यावर लोक उठून नाचायला लागले. ऐंशीव्या आणि एक्याऐंशीव्या मिनिटाला एम्बापेनं दोन गोल केले आणि सगळं मैदान गप्प. फ्रान्सच्या जर्सीतले दहा-पंधरा केनियन मात्र एका कोपऱ्यात उड्या मारत होते, आणि त्यांना कुणी खोटं म्हणालं नाही. जादा वेळेत मेस्सी, मग पुन्हा एम्बापे, 3-3. शेवटच्या क्षणी अर्जेंटिनाचा गोलरक्षक मार्टिनेझनं डावा पाय लांबवून कोलो मुआनीचा फटका अडवला तेव्हा कुमिल्ल्याच्या गवंड्यानं माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी काळानिळा होता. पेनल्टींत 4-2. माँतिएलचा चेंडू जाळीत गेल्यावर तो माणूस गवतावर पालथा पडून ढसाढसा रडला. त्याला सकाळी साडेचारला बस पकडायची होती.

कोल्हापूरला फोन लावला तर मागून फटाके आणि हलगी. माझा मुलगा ओरडून सांगत होता, 'बाबा, लय भारी! पेठेत मिरवणूक निघाल्या, तुम्ही कशाला गेलाय तिकडं?'

पुढे अर्जेंटिनावाल्यांनाही या उसन्या जर्सीवाल्यांचं अप्रूप वाटलं. ढाक्यात रात्री-बेरात्री पडद्यांपुढे जमलेल्या प्रचंड गर्दीचे व्हिडिओ त्यांनी पाहिले, प्रशिक्षक स्कालोनींनी बांगलादेशचे जाहीर आभार मानले, आणि अर्जेंटिनात बांगलादेशच्या क्रिकेट संघाचे चाहते निर्माण झाले. 1978 मध्ये बंद केलेला ढाक्यातला दूतावास अर्जेंटिनानं 2023 च्या फेब्रुवारीत पुन्हा उघडला. त्यात सोयाबीन आणि व्यापाराचा हिशेब असणारच. तरीही अंगावर एक एस कमी असलेली जर्सी घालून परराष्ट्र धोरणाला धक्का देता येतो, हे मला आवडलं.

निघायच्या आदल्या रात्री भावाला विचारलं, पुढचा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत आहे, येणार का? तो भांडी घासत होता.

'दादा, हितं मॅच आमच्या दारात आली म्हणून बघितली. तिकडं 40 रियालचं तिकीट असतंय व्हय? आणि व्हिसा कोण देणार, तुझा मेस्सी?' मग ताट विसळून उभं ठेवत म्हणाला, 'टीव्हीवर बघू की. मलप्पुरमवाला आत्तापासनं मोठ्या पडद्याची वर्गणी काढायला लागलाय. पहिले पन्नास माझे लिहून घेतलेत त्यानं, न विचारता.'